जुन्या बंदुकांची साक्ष
(सुवर्णमहोत्सवी समारंभात ग्वाल्हेर येथे दिलेले भाषण)



महोत्सवात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली आणि विषयाची निवड आमच्यावर सोपविण्यात आली. आम्ही पडलो शाळामास्तर. जुन्या लष्करी बंदुका पाहणे, त्यांची टिपणे ठेवणे हा आमचा फावल्या वेळचा छंद. मुलांना धडे देणाऱ्याने या जीवघेण्या वस्तूंच्या नादी का लागावे, असे आमच्या घरातूनच विचारले जाते. तेव्हा आपण विचारलेत तर नवल नाही.

आपल्या ग्वाल्हेरीत या छंदास सामग्रीची वाण नाही. महादजी शिंद्यांनी 1784 साली डी बॉईन यास चाकरीस ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांच्यासाठी आग्र्यास सँग्स्टर नावाच्या स्कॉच माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात, बंदुका घडविल्या जात. अशी एक बंदूक दहा रुपयांस पडे, असे इतिहासकारांनी नमूद केले आहे. तेलंगा पलटणींच्या हाती चकमकीची बंदूक असे. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे. नजीब पलटणींनी मात्र आपली जुनी तोड्याची बंदूक सोडली नाही. तोडा म्हणजे सुताची जळती वात. ती कानावरच्या रंजकीला लागली की बार उडे. त्या देशी बंदुकीलाच त्यांनी विलायती धर्तीची संगीन जोडली! या नजिबांत रोहिले-पठाण पुष्कळ. शिंद्यांच्या निशाणाखाली ते लढले, ही गोष्ट आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो.

आता बंदूक वाचायची कशी? घोडा ज्या पोलादी पट्टीवर बसविलेला असतो ती प्रथम पाहावी. कंपनी सरकारच्या बंदुकीवर आधी हृदयाच्या आकाराची खूण असे व तिच्यात कंपनीच्या नावाची आद्याक्षरे. 1808 च्या सुमारास तिच्या जागी उभा सिंह आला. एखादे गृहस्थ बंदूक दाखवून सांगतात, "ही आमच्या पूर्वजांनी आसईच्या रणात मिळविली." आसईची लढाई 23 सप्टेंबर 1803 ची. पट्टीवर सिंह असेल, तर निदान ती पट्टी तरी आसईत नव्हती. असे बोलणे यजमानांस रुचत नाही, चहाही जरा पातळ येतो. पण इतिहासाच्या मास्तराने दुसरे काय सांगावे?

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. 1857 साली ज्या एनफील्डच्या काडतुसांवरून हिंदू-मुसलमान शिपाई एकाच वेळी बिथरले, तिची नळी .577 इंच व्यासाची आणि आतून पेचदार खाचांची. त्यामुळे गोळी दूरवर नेमकी जाई. उठाव मोडल्यावर 1858 च्या नमुन्यात देशी शिपायांसाठी त्याच घाटाच्या बंदुकीची नळी खाचा काढून सुमारे .65 इंचांपर्यंत गुळगुळीत करण्यात आली. बाहेरून पाहाल तर तीच एनफील्ड. नेम मात्र गेला. राज्यकर्त्यांचा अविश्वास त्या नळीत अजून पाहावयास मिळतो.

आणि म्हणूनच आम्हांस भीती वाटते ती दसऱ्याची. माळ्यावरची बंदूक खाली निघते, घरातील उत्साही तरुण सँडपेपर घेऊन बसतात आणि संध्याकाळपर्यंत ती ताटासारखी लखलखते. सिंह गेला, साल गेले, कारागिराची खूण गेली. एका घरी तर नळीवरील फारसी ओळीची दोनच अक्षरे उरलेली आम्ही पाहिली. कोरड्या फडक्याने पुसून पातळ तेलाचा हात फिरविला तरी पुरे आहे.

पण त्याही आधी बंदूक भरलेली नाही ना, हे पाहावे. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते. तोंडाची दिशा माणसांपासून दूर ठेवून लाकडी काठी नळीत हलकेच सोडावी, तोंडाशी खूण करावी आणि तीच काठी बाहेरून नळीला लावावी. ती कानापर्यंत पोचली नाही तर आत काहीतरी आहे. कदाचित कुंभारणीचे मातीचे घर असेल, कदाचित गोळी असेल. ते उकरीत बसू नये. जाणत्या शस्त्रकारास दाखवावे.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. 1959 च्या शस्त्र अधिनियमातील कलम 45 ची सवलत दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या बंदुकीपुरती आहे. चालणारीस परवाना हवाच. शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तू खाजगीरीत्या परदेशी पाठविण्यास 1972 च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे, हे परदेशस्थ चिरंजीवांसाठी भेट शोधणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

हैदराबादच्या तिसऱ्या सालारजंगांनी दौलत ओतून संग्रह केला, पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्म वेचून. आमच्या पदरी तीन निकामी बंदुका आणि चार वह्या आहेत. त्यांत वह्यांचे मोल आम्ही अधिक समजतो.

संस्थेस आमची विनंती आहे की सभासदांच्या घरच्या शस्त्रांची एक नोंदवही कार्यालयात ठेवावी : वस्तू कोणती, खुणा कोणत्या, घरात कोणामार्फत आली, सांगणारी व्यक्ती कोण. आजी-आजोबा आहेत तोवर हे विचारून घ्यावे. वहीची पहिली पाने भरून देण्याचे काम आम्ही पत्करतो. फक्त कोणी बंदूक खांद्यावर टाकून कार्यालयात येऊ नये. निरोप धाडावा, रविवारी आम्हीच घरी येऊ.