घरातील हिरवे कुटुंबीय



वाडे गेले, अंगणे गेली आणि त्यांच्याबरोबर अंगणातील तुळशीवृंदावनेही गेली. पुण्या-मुंबईच्या सदनिकांत तुळस गॅलरीच्या कठड्यावर आली; गॅलरी खोलीत सामावून घेतली गेली, तेव्हा ती खिडकीच्या जाळीत जाऊन बसली. तरीही आपल्या घरांनी तिला अंतर दिले नाही, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र श्रद्धेने आणलेले रोप जगावे असे वाटत असेल, तर श्रद्धेला ज्ञानाची जोड द्यावयास हवी.

घरातील झाडांविषयी अनेक समज रूढ आहेत. तुळस अहोरात्र प्राणवायू देते, असे आवर्जून सांगितले जाते. वस्तुतः वनस्पती प्रकाश असतानाच प्राणवायू निर्माण करतात. रात्री तुळसही आपल्यासारखाच कर्बवायू सोडते. कोरफड किंवा स्नेक प्लांट रात्री कर्बवायू शोषून घेतात हे खरे, पण त्यांचाही प्राणवायू तयार होतो तो दिवसाच. दुसरा दाखला ‘नासा’चा. १९८९ साली बिल वॉल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाबंद पेट्यांत रोपे ठेवली, तेव्हा बेंझिन, फॉर्मल्डिहाइड यांसारख्या द्रव्यांचे प्रमाण घटलेले दिसले. परंतु आपले घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. अशा प्रयोगांचा फेरआढावा २०१९ साली अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतला. नेहमीच्या वायुवीजनाने जेवढी हवा शुद्ध होते, तेवढे काम करावयास दर चौरस मीटरला १० ते १००० रोपे लागतील, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अर्थात, हवेसाठी खिडकी उघडणे हाच उपाय!

मग घरात झाडे ठेवावयाची कशासाठी? याचे एक उत्तर रॉजर उलरिच यांनी १९८४ साली दिले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. हिरवाईचा मनाशी असलेला हा संबंध आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता. मत्स्यपुराणाने एक वृक्ष दहा पुत्रांच्या तोलाचा मानला, त्यामागे हाच आप्तभाव आहे.

आज मुले परगावी, परदेशी असतात आणि वृद्ध आई-वडील बंद दारामागे एकटे. सकाळी उठून पाणी घालावे, पिवळे पान खुडावे, नवी पालवी न्याहाळावी, एवढ्यानेही दिवसाला एक प्रयोजन मिळते. नातवंडाच्या हाती एक कुंडी सोपवली, तर संगोपन म्हणजे काय हे त्याला निराळे शिकवावे लागत नाही.

काही पथ्ये मात्र पाळावीत. तुळशीला ऊन हवेच. काळोख्या दिवाणखान्यात ती तग धरत नाही. तेथे मनीप्लांट किंवा स्नेक प्लांट ठेवावा. माती वरून सुकल्यावरच पाणी घालावे. फाजील पाण्याने मुळे कुजतात. कुंडीखालच्या बशीतील पाणी साठू देऊ नये, कारण डेंग्यू पसरवणारे डास तेथेच अंडी घालतात. डिफेनबॅकिया आणि मनीप्लांट चावल्यास तोंडाची आग होते, म्हणून ते रांगत्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

वटपौर्णिमेला शहरांत वडाच्या तोडलेल्या फांद्या विकत आणून पुजल्या जातात. ज्या वृक्षाकडे दीर्घायुष्य मागावयाचे, त्याचीच फांदी तोडावयाची, हे कोणत्या धर्मात बसते? त्याऐवजी वडाचे रोप कुंडीत लावून पुजावे, वर्षभर सांभाळावे आणि मोठे होताच मोकळ्या जागेत लावावे. वृक्षपूजेला वृक्षपालनाची जोड मिळाली, तरच ती पूजा खऱ्या अर्थाने सुफळ होईल.