गाण्याला त्याचं गाव विचारा



आज जालन्यात पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुमचं मनापासून अभिनंदन. मोसंबीला भाव नव्हता त्या वर्षीही तुमची फी भरणाऱ्या आईवडिलांचं थोडं जास्तच.

तुमच्यातल्या पुष्कळ जणांच्या मोबाइलमध्ये बीटीएस या कोरियन बँडची गाणी आहेत. ‘कळत नाही त्या भाषेतलं काय ऐकतोस?’ अशी बोलणीही तुम्ही खाल्ली असतील. आज मी तुमची बाजू घेणार आहे.

२४ जुलै १८९६. अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये ॲलिस फ्लेचर या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी तिथं शिकणाऱ्या कोरियन तरुणांचा आवाज मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतला. त्यात ‘अरिरांग’ हे लोकगीत होतं. ती नळकांडी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपली गेली. २०२६ मध्ये बीटीएसनं आपल्या अल्बमला ‘अरिरांग’ हेच नाव दिलं, त्या विद्यार्थ्यांची गोष्ट पुन्हा समोर आणली, आणि चाहते सव्वाशे वर्षांपूर्वीचा आवाज शोधायला निघाले. तो सापडला, कारण कुणीतरी तारीख, ठिकाण आणि गाण्याचं नाव लिहून ठेवलं होतं.

या नोंदीची किंमत जालनेकरांना वेगळी सांगायला नको. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि जालन्याचं नाव बियाण्यांशी जोडलं गेलं. पिशवीवरचा लॉट नंबर, उगवणशक्ती, चाचणीची तारीख पाहिल्याशिवाय शहाणा शेतकरी पैसे मोजत नाही. बोगस बियाण्यानं हंगाम जातो. बिननोंदीच्या इतिहासानं पिढ्या फसतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या भोकरदनचं बघा. प्राचीन भोगवर्धन ते हेच. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुटका भाग मिळाला. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ साली अशीच हस्तिदंती मूर्ती सापडली होती. दोन्हींतलं साम्य अभ्यासकांनी दाखवून दिलं आणि आपलं हे तालुक्याचं गाव रोमन जगाशी असलेल्या व्यापाराच्या चर्चेत आलं. आपली मूर्ती कुठल्या जागी, कुठल्या थरात मिळाली याची नोंद होती, म्हणूनच या तुलनेला आधार मिळाला.

आता दुसरी तऱ्हा पाहा. २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट गाजला आणि बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या घेऊन मोगलांची नाणी शोधायला शेतं उकरू लागले. चित्रपटानं कुतूहल जागवलं, यात वाईट काही नाही. पण एकजण त्या कुतूहलापोटी ग्रंथालयाच्या पायऱ्या चढतो आणि दुसरा फावडं उचलतो. उकरून काढलेलं नाणं सोनाराकडं गेलं की त्याच्या धातूचं वजन तेवढं उरतं, त्याची हकिगत कायमची जाते.

आपल्याकडचा ‘अरिरांग’ कुठं आहे, असं विचाराल, तर तो जात्यावर होता. गिरण्या आल्या, जाती थांबली, आणि पहाटेच्या ओव्यांनाही निमित्त उरलं नाही. १९८०च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गोदावरीपलीकडं, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर हा ठेवा कुणालाही ऐकता येतो. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव असतं. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावरही लागलं नाही, तिचं नाव तिच्या ओवीला लागलं.

तेव्हा पदवीधर म्हणून तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. या वर्षी घरातल्या, नाहीतर गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज मोबाइलवर उतरवून घ्या. ओवी असेल, ऊसतोडीच्या तळावरचं गाणं असेल, बहात्तरच्या दुष्काळाची आठवण असेल. आधी परवानगी विचारा. सुरुवातीला नाव, गाव, तारीख मोठ्यानं बोला. एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात द्या. आणि इतिहासाच्या नावानं एखादा मेसेज आला, तर पुढं ढकलण्याआधी विचारा: हे कुणी सांगितलं? कुठं लिहिलंय?

उद्या जालन्याची एखादी मुलगी आजीची ओवी रॅपमध्ये घेईल. जरूर घ्यावी, जगभर वाजवावी. फक्त गाण्याखाली पहिलं नाव आजीचं लिहावं, आणि त्यापुढं तिच्या गावाचं.