चिप्सचा कारखाना आणि बटाट्याचे बी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



भूमिहीन, किमान वेतन, सहकार अशा विषयांच्या रांगेत बटाट्याचे चिप्स हा विषय काहींना थट्टेचा वाटेल. परंतु ज्या वस्तूची पाच-दहा रुपयांची पाकिटे आज गावोगावच्या टपरीवर माळेसारखी लटकलेली दिसतात, ती वस्तू कशी तयार होते हे नीट समजून घेतले, तर यंत्र शेतीला आपल्या मापात कसे बसवते ते स्वच्छ दिसते. म्हणून आधी यंत्राविषयी बोलतो. कायद्याकडे त्यानंतर येऊ.

उन्हाळ्यात घरोघरी वेफर्स घातले जातात. बटाटे सोलायचे, किसणीवर काप काढायचे, ते पुन्हापुन्हा धुवायचे, तुरटीच्या पाण्यात उकळी द्यायची आणि गच्चीवर धुवट पातळावर वाळत घालायचे. या कामात घरातल्या बाईचे दिवसच्या दिवस जातात आणि त्याची मजुरी कोणत्याही हिशेबात धरली जात नाही. कारखाना मूलतः हेच करतो, फक्त ऊन गाळतो. उन्हात वाळायला जे पाणी दोन-तीन दिवस घेते, ते तो तापलेल्या तेलात सुमारे तीन मिनिटांत घालवतो. त्याचे सारे अर्थकारण या पाण्याभोवती फिरते.

बटाट्यात शंभरातले सुमारे ऐंशी भाग पाणी असते. तयार चिप्समध्ये त्यातले जेमतेम दोन टक्के उरते आणि गेलेल्या पाण्याची जागा तेल घेते. साध्या चिप्सच्या वजनाचा जवळजवळ एक तृतीयांश हिस्सा तेलाचा असतो. साल व तूट धरून एक किलो चिप्सला चारएक किलो बटाटा लागतो. आता असे पाहा : बटाट्यात ऐंशीऐवजी अठ्ठ्याहत्तर टक्के पाणी असेल, तर दर टनामागे २० किलो पाणी कमी उडवावे लागते, तेवढे इंधन वाचते, तेल कमी शोषले जाते आणि माल अधिक निघतो. म्हणून ट्रक दारात आला की पहिली परीक्षा घनांशाची. नमुन्याचे बटाटे आधी हवेत तोलतात, मग पाण्यात बुडवून तोलतात आणि त्या फरकावरून घनांश काढतात.

दुसरी परीक्षा साखरेची, आणि ती अधिक कडक. ज्या बटाट्यात ग्लुकोजसारखी शर्करा अधिक, त्याचा काप तेलात पडताच तपकिरी होतो आणि कडवट लागतो. २००२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की याच तपकिरी होण्याच्या क्रियेत अॅक्रिलामाइड नावाचे घातक रसायनही तयार होते. मग नेहमीच्या शीतगृहातला बटाटा का चालत नाही? तेथे दोन ते चार अंश तापमान असते आणि त्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. चिप्सचा बटाटा दहा-बारा अंशांवर ठेवावा लागतो. तेथे कोंब फुटतात, म्हणून ते रोखणाऱ्या औषधाची धुरी द्यावी लागते. दारातच नमुन्याचे काप तळून रंग पाहतात. रंग बिघडला तर ट्रक परत.

आतली कथा मात्र झटपट संपते. खडे-माती काढून धुतलेले बटाटे खरखरीत अस्तराच्या फिरत्या पिंपात घासून सोलले जातात. पुढे कापणीयंत्र. आपल्याकडे बटाटा हातात धरून किसणीवर फिरवतात; येथे बटाटा वेगाने फिरत कडेच्या पात्यांवर आपटतो आणि सव्वा-दीड मिलिमीटर जाडीचे काप बाहेर उडतात. जाडी सर्वत्र सारखी हवी, नाहीतर एकाच तेलात एक काप करपतो आणि दुसरा मऊ राहतो. काप धुतले की अंगचा सुटा स्टार्च निघतो. पुष्कळ कारखाने त्या पाण्यातून तो परत मिळवून विकतात. मग १७०-१८० अंशांच्या तेलातून, आपल्याकडे बहुधा पामतेलातून, काप वाहत जातात. बाहेर येताच मीठ-मसाला. पूर्वी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी राहून काळा काप वेचत. मोठ्या कारखान्यांत आता कॅमेरा तो पाहतो आणि हवेचा झोत त्याला उडवून लावतो. पाकिटात नायट्रोजन भरतात, तो तेल खवट होऊ नये म्हणून. १९२६ साली कॅलिफोर्नियात लॉरा स्कडर यांच्या व्यवसायातील कामगार स्त्रिया मेणकागद घरी नेत आणि रात्री इस्त्रीने त्याच्या पिशव्या चिकटवत. दुसऱ्या दिवशी त्यांत चिप्स भरले जात. आज ती इस्त्री गेली, तिच्या जागी धातूचा मुलामा दिलेले प्लॅस्टिक आले. ते पुन्हा वापरात आणणे फार अवघड, म्हणून ते आपल्या ओढ्या-नाल्यांत साचते.

आता लक्षात येईल की घनांश, साखर, आकार आणि उथळ डोळे या साऱ्या अटी यंत्राने घातलेल्या आहेत. बाजारात भाजीसाठी येणारा ज्योती किंवा पुखराज त्यांत सहसा बसत नाही. तेव्हा यंत्राला साजेसा वाण हवा, आणि तो एका रंगाचा, एका मापाचा हवा असेल तर पेरणीपासूनच शेतकऱ्याला बांधून घ्यायला हवे. करारशेती येते ती अशी. आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावला पेप्सिको कंपनीचा चिप्सचा कारखाना आहे आणि आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर पावसाच्या भरवशावर बटाटा लावणारे शेतकरी चिप्ससाठी करार करत आले आहेत. करार म्हणजे निव्वळ फास, असे मी म्हणणार नाही. ज्याने बाजारात बटाटा मातीमोल होताना पाहिला आहे, त्याला आधी ठरलेला भाव ही मोठी गोष्ट वाटते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. आपल्यातील काही मंडळी करार म्हटला की कपाळाला आठी घालतात. त्यांनी एकदा कोसळलेल्या बाजारात पोते विकून पाहावे.

अडचण आहे ती बियाण्याची. बटाट्याचे बी म्हणजे बटाटाच. लहान म्हणून नाकारलेला माल शेतकऱ्याच्या घरी उरतो. तो पुढच्या हंगामात लावता येतो, शेजाऱ्याला देता येतो. ज्वारीच्या कणसातून बी राखणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात चोरी दिसत नाही. पण एप्रिल २०१९ मध्ये गुजरातेतील साबरकांठा भागातील काही शेतकऱ्यांवर पेप्सिकोने अहमदाबादच्या न्यायालयात दावे लावले. एफएल २०२७ हा, व्यवहारात एफसी ५ म्हणून ओळखला जाणारा, आपला नोंदणीकृत वाण परवानगीशिवाय पिकवल्याचा आरोप करून प्रत्येकाकडे एक कोटी रुपयांहून अधिक भरपाई मागितली. देशभर ओरड झाली आणि मे २०१९ मध्ये कंपनीने दावे मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये वाण संरक्षण प्राधिकरणाने नोंदणी रद्द केली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी तो निर्णय कायम ठेवला. आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो उलटवला.

परंतु नोंदणीचा वाद आणि शेतकऱ्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००१ सालच्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार शेतकरी संरक्षित वाणाचेही बी राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. त्याला मनाई आहे ती फक्त छापील नावाने, वेष्टनात बांधून विकण्याची. हे कलम आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? आणि चिप्सचा वाण खासगी कंपनीच काढू शकते हेही खरे नाही. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने कुफरी चिप्सोना-१ आणि चिप्सोना-२ हे वाण १९९८ सालीच दिले. ते जनतेच्या पैशातून झाले. त्यांचे निरोगी बी पुरेसे आणि वेळेवर आपल्या शेतकऱ्याला मिळावे, ही मागणी कृषी खात्याकडे धरण्याजोगी आहे.

तेव्हा पठारावर जाल तेव्हा प्रथम कराराची प्रत मागा आणि ती मराठीत आहे का पाहा. नमुना शेतकऱ्यासमोर तळला जातो का, तोलताना त्याचा माणूस तेथे असतो का, हे विचारा. मग नाकारलेला ट्रक कोणाच्या खर्चाने परत येतो, ते विचारा.