नाताळचा बागुलबुवा



अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला आहे, अमरावतीकरांची स्थिती त्याहून फारशी बरी नाही, आणि अशा वैशाखात आम्ही तुमच्यापुढे बर्फाची गोष्ट घेऊन उभे आहोत. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "नाताळचा बागुलबुवा" असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नाताळात तर खाऊ वाटणारा म्हातारा असतो ना हो?" असतो. पण त्या म्हाताऱ्याचा एक जोडीदारही आहे, आणि तो आपल्याकडे कोणी आणला नाही. अकोल्याला गेल्याच्या गेल्या शतकात जे मिशनरी आले ते अमेरिकेतले. त्यांनी प्रार्थनामंदिरे बांधली, गाणी दिली. हा गडी मात्र आल्प्सच्या डोंगरातच राहिला.

त्याचे नाव क्रांपुस. ऑस्ट्रिया, बव्हेरिया, स्लोव्हेनिया या मुलखात ५ डिसेंबरच्या संध्याकाळी तो हिंडतो. दुसरा दिवस संत निकोलसचा. संत चांगल्या मुलांना सफरचंदे आणि अक्रोड देतो. क्रांपुस वाईट मुलांचा समाचार घेतो. डोक्याला बोकडाची शिंगे, लांब लालभडक जीभ, अंगावर केसाळ कातडे, कमरेला घंटा, हातात साखळी आणि बर्चच्या काटक्यांची जुडी, पाठीवर टोपली. टोपली कशासाठी, हे सांगायला नकोच. गावातले तरणेबांड लोक लाकडात कोरलेले मुखवटे चढवून हे सोंग घेतात, आणि मुले किंचाळत पळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियात त्याच्या चित्रांची पोस्टकार्डे छापून लोक एकमेकांना धाडू लागले. शुभेच्छा म्हणून!

या क्रांपुसावर २०१५ साली मायकेल डॉहर्टी नावाच्या अमेरिकन दिग्दर्शकाने एक बोलपट काढला. नाव तेच, 'क्रांपुस'. एका घरी नाताळासाठी पाहुणे जमतात. पाहुणे म्हणजे सख्खे नातलग, तेव्हा भांडणे ओघानेच आली. मॅक्स नावाच्या मुलाने सांताक्लॉजला लिहिलेले पत्र मावसभावंडे जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून त्याची फजिती करतात. तो चिडून पत्राचे तुकडे वाऱ्यावर सोडतो. झाले! हिमवादळ येते, दिवे जातात, आणि छपरांवरून उड्या मारीत कोणीतरी जवळ येऊ लागते. मग मिठाईची बाहुली माणसावर हल्ला करते, पेटीतून उसळणारा विदूषक अख्खे मूल गिळतो. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता पाय खुर्चीवर ओढून घेतो. आम्हीही घेतले, या वयात कबूल करायला लाज कसली?

त्या घरात एक आजी आहे. ती जर्मन बोलते, चूल सोडत नाही, आणि काय येत आहे ते तिला एकटीलाच ठाऊक आहे. लहानपणी उपासमारीच्या दिवसांत तिनेही आपल्या आईबापांविषयी वाईट चिंतिले होते, आणि क्रांपुस सगळ्यांना घेऊन गेला. तिच्या हाती एक घंटा ठेवून. शेवटी मॅक्स सकाळी जागा होतो तो सगळे सुखरूप, झाडाखाली भेटी मांडलेल्या. त्याच्या भेटीतून तीच घंटा निघते, आणि खोलीतले बोलणे थांबते. कॅमेरा मागे मागे सरकतो तेव्हा दिसते की ते घर एका काचेच्या गोळ्यात बंद आहे आणि तसले पुष्कळ गोळे क्रांपुसाच्या फळीवर मांडलेले आहेत. ते सुटले की कायमचे अडकले, यावर आमच्या घरी दोन दिवस वाद चालला होता.

आता कोणी म्हणेल, हे परक्यांचे. आम्हाला तसे वाटले नाही. "झोप न पोट्ट्या, नाही तं बाऊ येते," हे कोणाच्या कानांवरून गेले नाही? आमच्या गल्लीत मरीआई घेऊन पोतराज यायचा. मोकळे केस, पायांत घुंगरू, कमरेला चिंध्यांचा घोळ, आणि हातात आसूड. आसुडाचा आवाज झाला की आम्ही धान्याच्या कणगीमागे. पण क्रांपुस मुलांना मारतो. आमचा पोतराज फटके ओढायचा ते स्वतःच्या उघड्या अंगावर. पसाभर जोंधळ्यांसाठी. ज्याला आम्ही भीत होतो त्याला गावाच्या वेशीत राहायला जागा नव्हती, हे कळायला आम्हाला फार वर्षे लागली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, आणि कितीतरी घरांनी असले देवीचे ओझे खाली उतरवून ठेवले. भीतीचे सोंग घेणाऱ्याला ते सोडण्याची मुभा मिळणे, ही युरोपातल्या पोस्टकार्डांत न सापडणारी गोष्ट आहे.

पण क्रांपुसाचा खरा भाऊबंद, किंवा बहीण म्हणू या, नागपुरात आहे. पोळ्याचा दुसरा दिवस, तान्हा पोळा. त्या दिवशी मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. भले मोठे, अक्राळविक्राळ बाईचे पुतळे. सोबत बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, आणि त्यांच्यावर त्या त्या वर्षीच्या भ्रष्टाचाराची, महागाईची, पुढाऱ्यांची टिंगल. रोगराई आणि ईडापिडा घेऊन जा, असे ओरडत लोक त्यांना शहराबाहेर नेऊन जाळतात. मारबत म्हणजे पूतना असे काही सांगतात. काळी म्हणजे इंग्रजांशी हातमिळवणी करणारी भोसल्यांच्या घराण्यातली बाकाबाई, असे पुष्कळजण सांगतात. आमच्या पट्ट्यातल्या खेड्यांत एवढा थाट नसतो. करीच्या पहाटे दारातल्या पळसाच्या मेढी उपटायच्या आणि आरोळ्या ठोकीत शिवेपलीकडे फेकायच्या, की झाले.

येथे आम्हाला एक फरक दिसला. क्रांपुस बाहेरून घरात येतो. मारबत घरातून बाहेर जाते. युरोपातला बागुलबुवा हिशेब मागायला येतो: तू वर्षभर कसा वागलास? आमची मारबत काही विचारीत नाही. आमची वर्षभराची घाण मुकाट्याने डोक्यावर घेते आणि जळते. मजेची गोष्ट आहे, आणि आम्हाला ती नेहमी मजेचीच वाटत आली. आपली चूक कबूल न करता मोकळे होण्याची इतकी सोयीची रीत दुसरी कोणती?

परंतु पुतळा मिळाला नाही म्हणजे काय होते? २०२४ च्या डिसेंबरअखेरीस, म्हणजे ऐन नाताळाच्या आठवड्यात, आमच्याच मेळघाटातल्या एका गावात सत्तरी ओलांडलेल्या एका बाईवर जादूटोण्याचा संशय घेऊन तिला मारहाण झाली, तिची धिंड काढली गेली. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत, आणि त्याच डोंगरात बावीस दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे पासष्ट चटके दिले गेले. त्याला 'डंबा' म्हणतात. आजार बाहेर काढायचा म्हणून. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, आणि तो असलाच पाहिजे. पण डोंगरावरच्या त्या आईला दवाखाना किती कोसांवर आहे आणि पावसाळ्यात तिथवर वाट राहते की नाही, हे विचारल्यावाचून तिला अडाणी म्हणणे हीसुद्धा एक मारबतच झाली. आपण आपली पिडा तिच्या माथी मारून मोकळे.

गाडगेबाबा हे जाणून होते. शेंडगावचा हा माणूस, २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावला गेला. कीर्तनात तो लोकांना रागावण्यापेक्षा प्रश्न विचारी, साधे, पोराने विचारावेत असे. लोक उत्तर देत, आपल्याच उत्तराला हसत, आणि बोकड मागणाऱ्या देवाचा धाक हसता हसता थोडा सैल होई. हसणे आणि भिणे हे इतके जवळ राहतात, हे त्या बोलपटवाल्यालाही कळले आहे. फक्त तो तिकीट लावतो.

एक घरची गोष्ट सांगून आम्ही बसतो. तो बोलपट आमच्या शेजारी बसून आमच्या नातीनेही पाहिला. वय वर्षे अकरा. मिठाईच्या बाहुल्यांना ती खो खो हसली, घंटा निघाली तेव्हा गप्प झाली. रात्री झोप येईना म्हणून आम्ही तिला मारबतीची गोष्ट सांगितली. म्हटले, बघ, आपल्याकडे भूत घरात येत नाही, आपणच त्याला हाकलतो. तिने विचारले, "कुठं?"

"शिवेपलीकडे."

"शिवेपलीकडे तर दुसरं गाव असते, आबा."

आम्ही हो म्हटले.

"अन् मग ते गाव कुठं फेकते?"