परदेशी माणूस आणि कायद्याचे दार
(संस्थेच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. परदेशी नागरिकाला सरकार देशाबाहेर काढू लागले तर त्याने कायद्याने काय करावे, याच्याशी आपल्या वस्तीचा काय संबंध? आपलेच प्रश्न काय कमी आहेत? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही आधीच देतो. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांत चकमा आणि तिबेटी हे आपले धम्मबांधव आहेत, हे पहिले कारण. दुसरे कारण असे की बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने राज्यघटनेत काही ठिकाणी 'नागरिक' हा शब्द घातला आणि काही ठिकाणी मुद्दाम 'व्यक्ती' हा शब्द ठेवला. त्या एका शब्दावर हजारो माणसांचे जगणे कसे अवलंबून आहे, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

आम्ही वकील नाही. बँकेत कारकुनी करतो, लोकांचे कागद तपासण्यात आमची वर्षे गेली. पण हा सगळा विषयच शेवटी कागदाचा आहे. म्हणून आम्हांला जे वाचून समजले ते साध्या भाषेत मांडतो.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. आपल्याकडे 'हद्दपार' म्हटले की लोकांना तडीपारी आठवते. तडीपारी म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली एखाद्याला ठरावीक जिल्ह्यांतून काही काळ बाहेर घालवणे. ती आपल्याच नागरिकावर होते. प्रत्यार्पण म्हणजे दुसऱ्या देशाने मागितलेला आरोपी खटल्यासाठी त्या देशाच्या हवाली करणे. आपण बोलतो आहोत ती हद्दपारी वेगळी. परकीय माणसाला या देशात राहण्याचा हक्क नाही असे ठरवून त्याला देशाबाहेर पाठवणे, ही ती हद्दपारी होय.

आता कायद्याची कडक बाजू पाहू. ती लपवून ठेवली तर ऐकणाऱ्याची फसवणूक होईल. अनेक वर्षे या विषयावर परकीय नागरिक अधिनियम, १९४६ हा मुख्य कायदा होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आप्रवास आणि परकीय नागरिक अधिनियम, २०२५ आला. दोन्ही कायद्यांत परकीय माणसाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार फार मोठा आहे. हान्स म्यूलर या जर्मन माणसाच्या प्रकरणात १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार निरंकुश असल्याचे म्हटले. १९९१ साली बेल्जियमच्या एका मिशनऱ्याचे प्रकरण आले. ते १९३७ पासून भारतात राहत होते. पण ते परदेशी पारपत्रावर आणि वास्तव्याच्या परवान्यावर राहत आले होते, आणि घटना लागू होताना येथेच कायम राहण्याचा त्यांचा निश्चय होता हे सिद्ध झाले नाही. पन्नास वर्षांचे वास्तव्य त्यांच्या उपयोगी पडले नाही. न्यायालयाने सांगितले की देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क कलम १९ मध्ये आहे आणि तो फक्त नागरिकांना आहे.

मग परकीय माणसाच्या हाती उरते काय? उरते ते कलम १४ आणि कलम २१. कायद्यापुढे समानता आणि जीविताचे व व्यक्तिगत स्वातंत्र्याचे संरक्षण, ही दोन्ही कलमे 'व्यक्ती'साठी आहेत. शिवाय कलम २२ प्रमाणे अटक झालेल्याला अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. १९७८ च्या मेनका गांधी प्रकरणापासून कलम २१ मधील 'कार्यपद्धती' ही न्याय्य व वाजवी असली पाहिजे, हेही ठरलेले आहे. थोडक्यात, सरकार परकीयाला 'जा' म्हणू शकते. पण कसेही, कोठेही आणि कोणाच्याही हातून त्याला ढकलू शकत नाही.

हा फरक प्रत्यक्षात किती मोठा आहे ते चकमा बांधवांच्या कहाणीतून कळते. चितगावच्या डोंगराळ भागात राहणारे हे लोक बहुसंख्येने बौद्ध. १९४७ च्या फाळणीत तो भाग पाकिस्तानात गेला. पुढे कर्णफुली नदीवर काप्ताई धरण झाले आणि त्यांची शेते, घरे पाण्याखाली गेली. त्यात धार्मिक छळाची भर पडली. १९६४ पासून चकमा आणि हाजोंग कुटुंबे भारतात आली. आज ज्याला आपण अरुणाचल प्रदेश म्हणतो त्या भागात सरकारनेच त्यांना वसवले. तेथील मूळ जमातींना आपल्या जमिनीची आणि संख्येची काळजी वाटू लागली. ती काळजी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही, आदिवासीची जमीन कशी जाते हे महाराष्ट्रात आपण पाहिले आहे. परंतु १९९० नंतर प्रकरण हाताबाहेर गेले. तेथील एका विद्यार्थी संघटनेने चकमांना राज्य सोडून जाण्याच्या नोटिसा दिल्या. कोंडी झाली, धमक्या आल्या. चकमांनी नागरिकत्वासाठी दिलेले अर्ज स्थानिक कार्यालये केंद्राकडे पाठवीतच नव्हती.

१९९३ साली खुदीराम चकमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परकीयच मानले होते. म्हणजे दार बंद झाल्यासारखे होते. पण त्याच वर्षी स्थापन झालेला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्वतः अर्जदार होऊन कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला. सुमारे ६५,००० माणसांचा तो प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले की राज्याने प्रत्येक चकमाच्या जीविताचे रक्षण केले पाहिजे, कायद्याच्या मार्गाखेरीज कोणालाही घराबाहेर काढता येणार नाही, नागरिकत्वाचे अर्ज पुढे पाठवलेच पाहिजेत आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत अर्जदाराला हलवता येणार नाही.

मित्रहो, यात तीन धडे आहेत. परकीय ठरलेला माणूसही न्यायालयात जिंकू शकतो, हा पहिला. प्रलंबित अर्ज हीसुद्धा ढाल असते, हा दुसरा. आणि पीडित माणूस स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याच्यासाठी संस्था जाऊ शकते, हा तिसरा. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला, की पात्र चकमांना नागरिकत्व देण्याचे काम तीन महिन्यांत पुरे करा. निकाल मिळणे आणि त्याची अंमलबजावणी होणे यांतले अंतर आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको.

आता कायद्याचे मार्ग क्रमाने पाहू.

पहिला मार्ग म्हणजे, आपण मुळात परकीय आहोत का, हेच तपासणे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ प्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, काही मोजके अपवाद सोडता, जन्मानेच भारतीय आहे. आईवडील कोणत्याही देशाचे असोत. १९८६ साली हिमाचल प्रदेशात जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीला पारपत्र नाकारण्यात आले होते. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती भारतीय नागरिकच आहे असा निर्णय दिला. १ जुलै १९८७ नंतरच्या जन्मांना आईवडिलांपैकी एक भारतीय असण्याची अट लागली आणि ३ डिसेंबर २००४ पासून ती आणखी कडक झाली. म्हणून जन्माचा दाखला हा किरकोळ कागद समजू नये.

येथे पुराव्याचा भार ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यावर असतो, हे ध्यानात ठेवावे. मात्र जुलै २०२४ मध्ये आसाममधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हाती काही आधार नसताना कोणालाही उचलून 'सिद्ध कर' म्हणता येणार नाही. संशयाचे साहित्य आधी सरकारने दाखवले पाहिजे.

दुसरा मार्ग म्हणजे कारण विचारणे. दीर्घकाळ येथे राहिलेल्या एका माणसाच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला हद्दपारीची कारणे कळवायला आणि त्याचे म्हणणे विचारात घ्यायला लावले. नोटीस आली की घाबरून पळू नये. तिची प्रत जपावी, तारीख टिपावी, मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी.

तिसरा मार्ग रिट याचिकेचा. कलम २२६ खाली उच्च न्यायालयात आणि कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते. बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ज्या कलमाला घटनेचे हृदय व आत्मा मानले, तेच हे आजचे कलम ३२. माणूस कोठे ठेवला आहे हेच कळत नसेल तर बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे हेबियस कॉर्पसचा अर्ज करता येतो. जून २०२५ मध्ये दिल्लीत पकडलेल्या एका गरोदर स्त्रीला कुटुंबासह बांगलादेशात पाठवण्यात आले. ती मूळची पश्चिम बंगालची. तिच्या वडिलांनी असा अर्ज केला. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तिला परत आणण्याचा आदेश दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती परत आली. त्याच जूनमध्ये मुंबई परिसरात काम करणाऱ्या काही बंगाली मजुरांनाही सीमेपार ढकलले गेले आणि नंतर परत आणावे लागले. कागद न तपासता घाई केली की आपलाच माणूस परका होतो तो असा.

चौथा मार्ग आश्रयाचा. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. तरीही छळ होईल त्या देशात माणसाला परत लोटू नये, हे तत्त्व काही उच्च न्यायालयांनी कलम २१ मध्ये पाहिले आहे. १९९८ साली गुजरात उच्च न्यायालयाने इराकी निर्वासितांबाबत, तर मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधून आलेल्या सात जणांबाबत तसा निर्णय दिला. त्या सात जणांना दिल्लीला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडे अर्ज करू दिला गेला. पण दुसरी बाजूही सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हद्दपारी थांबवण्यास नकार दिला. विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय पाठवू नका, एवढेच सांगितले. म्हणून हा मार्ग आहे, पण त्याची खात्री देता येत नाही.

पाचवा मार्ग नियमित होण्याचा. व्हिसाची मुदत उलटलेल्या विद्यार्थ्याने किंवा रुग्णाने लपून न राहता विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात जावे. मुदतवाढ मागावी, नाहीतर दंड भरून निर्गमनाची परवानगी घ्यावी आणि स्वतः परत जावे. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा समाजांत बौद्धांचा समावेश आहे आणि तिचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. परंतु इनर लाइन परवान्याच्या प्रदेशांना ती लागू नाही. अरुणाचल त्यातच मोडतो.

या सर्व मार्गांवर वकील लागतो आणि वकिलाला पैसे लागतात. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात मोफत कायदेशीर मदतीचा हक्क कलम २१ शी जोडला गेला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती या मदतीस पात्र आहे. कोठडीतल्या माणसाचे नागरिकत्व तेथे विचारलेले नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते. पकडलेल्या परकीयाला आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचाही हक्क आहे. मात्र जो आपल्याच सरकारच्या छळातून पळाला आहे त्याने हे करण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

विद्यार्थी मित्रहो, आता आपल्या करण्यासारखे. आपल्या वस्तीतील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जन्माच्या नोंदी, शाळा सोडल्याचे दाखले, जुन्या मतदार याद्यांतील नावे यांची जुळणी करून द्या. एका कागदावर 'सखू' आणि दुसऱ्यावर 'सखुबाई' असेल तर बँकेच्या खिडकीवर माणूस अडतो, हे आम्ही रोज पाहतो. तेथे फार तर पैसे अडतात. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ च्या नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली, तेव्हा अशाच नावांच्या फरकांनी अनेकांची झोप उडवली. आणि उद्या कोणी परदेशी भिक्खू, विद्यार्थी वा मजूर अडचणीत दिसला, तर त्याच्याबद्दल अफवा पसरवू नका. त्याला विधी सेवा कार्यालयाचा रस्ता दाखवा.

गावकुसाबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. कुसाच्या आत कोणाला घ्यावे हे सरकार ठरवील, तो त्याचा अधिकार आहे. पण बाहेर काढताना त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे घटनेने ठरवले आहे. तेवढ्याचा आग्रह आपण धरू शकतो आणि धरला पाहिजे.