कोळ्यांचे वर्गीकरण आणि वनांचे रक्षण
(भाषणाचा मजकूर)

प्राण्यांचे वर्गीकरण हे केवळ संग्रहालयातील तज्ज्ञांचे काम होय, असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु ज्या जीवाला नाव नाही, त्याला कायद्याचे संरक्षण देता येत नाही. पोएसिलोथेरिया या कोळ्यांच्या लहानशा प्रजातीचा इतिहास याची साक्ष देतो.

झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या या मोठ्या, केसाळ कोळ्यांच्या सुमारे पंधरा जाती ज्ञात असून त्या फक्त भारत व श्रीलंका येथेच आढळतात. सह्याद्रीतील वनांत आढळणारी रेगॅलिस ही त्यांपैकीच एक. १८५० मध्ये कोख यांनी या प्रजातीला स्कुरिया हे नाव दिले होते. पण ते एका कवचधारी सागरी प्राण्याला आधीच दिलेले असल्याने १८८५ मध्ये सिमों यांनी पोएसिलोथेरिया, म्हणजे ‘चित्रविचित्र प्राणी’, हे नाव योजले.

जाती ओळखताना पहिल्या व चौथ्या पायांच्या खालच्या बाजूचे पट्टे पाहावे लागतात. नर, मादी व पिले यांच्या रंगांत फरक असल्यामुळे गफलत होते. २००१ मध्ये नवीन म्हणून वर्णिलेली श्रीलंकेतील पेडरसेनी ही जाती १८९५ मधील व्हिटाटाच असल्याचे पुढे ठरले.

निळ्या रंगाच्या मेटॅलिका जातीची कथा अधिक उद्बोधक आहे. मुरारराव घोरपडे यांच्यामुळे मराठी वाचकांस परिचित असलेल्या गुत्ती येथे, रेल्वेच्या लाकूड-वखारीत तिचा नमुना मिळाला आणि १८९९ मध्ये पोकॉक यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो कोळी लाकडाबरोबर दुरून आला असावा. पुढे शंभर वर्षे तिचा ठावठिकाणा लागला नाही. २००१ मध्ये आंध्र प्रदेशात नंद्याळ व गिद्दलूर यांमधील वनात ती पुन्हा सापडली. तिचे ज्ञात क्षेत्र १०० चौरस किलोमीटरहून कमी असल्याने २००८ मध्ये तिची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

सुंदर रंगांमुळे हे कोळी पाळण्यासाठी परदेशांत विकले जातात. विक्रीस आलेला कोळी नेमक्या कोणत्या जातीचा, हे तपासणी अधिकाऱ्यास सहज कळत नाही. म्हणूनच २०१९ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात संपूर्ण प्रजातीचाच समावेश करण्यात आला. वर्गीकरणाचा असा व्यावहारिक उपयोग झाला.

तथापि ढोलीचे जुने झाड तोडले गेले, तर कागदावरील संरक्षण व्यर्थ ठरते. वठलेले झाड निरुपयोगी मानून त्याचा लिलाव करण्यापूर्वी पंचायतीने त्यातील जीवसृष्टीचा विचार करावा. या कोळ्याचा दंश वेदनादायक असून त्याने स्नायूंत पेटके येतात. म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तो न हाताळता दुरूनच पाहण्यास शिकवावे आणि स्थळाची नोंद वनखात्याकडे पाठवावी. अशा नोंदींतूनच एखाद्या जातीचे खरे घर कळते, आणि घर कळल्यावाचून तिचे रक्षण होत नाही.