मोहदचा खटला

तापीकाठचे बऱ्हाणपूर मोगलांच्या इतिहासामुळे सर्वांस परिचित आहे. त्याच जिल्ह्यातील मोहद या खेड्याचे नाव मात्र एका क्रिकेटच्या सामन्यामुळे देशभर झाले. १८ जून २०१७ रोजी लंडन येथे पाकिस्तानने भारताचा १८० धावांनी पराभव केला. त्या विजयाप्रीत्यर्थ घोषणा दिल्या व फटाके उडविले, असा आरोप ठेवून पोलिसांनी गावातील १५ मुसलमानांस अटक केली आणि त्यांच्यावर राजद्रोहाचे कलम लावले.

हिंसेस चिथावणी अथवा सुव्यवस्था बिघडविण्याची प्रवृत्ती असल्यावाचून नुसते शब्द राजद्रोह ठरत नाहीत, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात घालून दिला होता. १९९५ साली बलवंत सिंह खटल्यात घोषणा देणारेही या आरोपातून सुटले. कारण त्या घोषणांनी कोठे दंगा झाला नव्हता. मोहदचे राजद्रोहाचे कलमही थोड्याच दिवसांत मागे घ्यावे लागले. त्याच्या जागी समाजांत वैर माजविल्याचे १५३-अ कलम आले. ज्याच्या नावे फिर्याद नोंदली होती, त्यानेच आपण ती दिली नसल्याचे जाहीरपणे सांगितले. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने आरोपींस निर्दोष सोडले.

येथे अब्रुनुकसानीच्या कायद्याशी तुलना उद्बोधक ठरेल. तोही फौजदारीच आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला आणि आजच्या न्याय संहितेत ३५६ व्या कलमात तो कायम आहे. त्यावर आक्षेप पुष्कळ आहेत. तथापि तेथे ज्यास झळ पोहोचली त्यानेच न्यायालयाकडे जावे लागते. पोलिसांस वॉरंटावाचून अटक करता येत नाही. मोहदला अटक आधी झाली, विचार मागाहून झाला.

राजद्रोहाचे जुने कलम २०२४ साली दंडसंहितेबरोबर गेले. नव्या संहितेचे १५२ वे कलम देशाची एकता धोक्यात आणणाऱ्या शब्दांविषयी असून त्यात इलेक्ट्रॉनिक संदेशांचाही उल्लेख आहे. म्हणजे चावडीवरील घोषणेप्रमाणेच फोनवर लिहिलेल्या चार ओळीही त्याच्या कक्षेत येऊ शकतात.

प्रतिपक्षाच्या विजयाचा आनंद पुष्कळांस रुचणार नाही. परंतु न रुचणारे सारेच गुन्हा मानले, तर निर्दोष माणसासही तारखांचे हेलपाटे हीच शिक्षा होऊन बसते. निकालाने मोहदच्या आरोपींवरील कलंक पुसला. मध्ये गेलेली सहा वर्षे मात्र कोणताही निकाल परत देऊ शकत नाही.